टांकसाळीचा वार्षिक नाणेसंच घ्यावा का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्या संग्राहकांसाठी

नाण्यांचा नाद नुकताच लागलेल्या माणसाला पहिला मोह होतो तो टांकसाळीच्या संचाचा. एका वर्षाची सगळी नाणी, कोरी करकरीत, छापील फोल्डरमध्ये बसवलेली. मुलाच्या जन्मवर्षाची आठवण म्हणून आईवडीलही हाच संच शोधतात. आपल्या सीमाभागात टांकसाळ नाही आणि रिझर्व्ह बँकेचं कार्यालयही नाही, त्यामुळे माहिती मिळते ती ऐकीव. कोणी सांगतो की दहा वर्षांत दामदुप्पट होईल, कोणी सांगतो की पैसे पाण्यात. दोन्ही ऐकून गोंधळलेल्या माणसासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो: दरवर्षीचा संच घेत सुटू नका. ज्या वर्षी नाण्यांत खरा बदल झाला, किंवा जे वर्ष तुमच्या घरासाठी महत्त्वाचं आहे, त्या वर्षाचा मात्र जरूर घ्या. असं का म्हणतो आणि घ्यायचं ठरलं तर काय काय बघायचं, ते क्रमाने बघूया.

१. विकत काय घेताय ते आधी समजून घ्या

नाणी पाडायचा अधिकार भारत सरकारचा आहे, रिझर्व्ह बँक ती फक्त चलनात आणते. म्हणून बँकेच्या काउंटरवर संच मागू नका, तिथे तो मिळत नाही. संच विकते ती सरकारी टांकसाळ. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत आणि त्या एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीखाली चालतात.

संचात मुख्य दोन प्रकार. पहिला यूएनसी, म्हणजे चलनात न गेलेली नाणी. ती व्यवहाराच्या नाण्यांसारखीच असतात, फक्त लोकांच्या हातात न जाता थेट पाकिटात बसतात. धातूची मूळ चकाकी टिकलेली असते. दुसरा प्रूफ. त्यासाठी ठसा आणि कोरी चकती दोन्ही खास घासून तयार करतात आणि एकाच नाण्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी दिसते आणि अशोकस्तंभ दुधट, धुरकट उठून येतो. प्रूफ बरंच महाग असतं. पहिल्या खरेदीला यूएनसी पुरेसं आहे, प्रूफच्या नादाला लागू नका.

एक गैरसमज काढून टाका. यूएनसी म्हणजे निर्दोष नव्हे. पाडताना नाणी एकमेकांवर आपटतात, त्याचे बारीक ओरखडे कधी कधी राहतात. भिंगातून असा एखादा ओरखडा दिसला म्हणजे फसवणूक झाली असं नाही.

तिसरी गोष्ट स्मारक नाण्यांची. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने २०२३ मध्ये निघालेलं ७५ रुपयांचं नाणं हे त्याचं उदाहरण. ते ४४ मिलिमीटर व्यासाचं, ३५ ग्रॅमचं आहे आणि त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त आहे. असली नाणी बाजारात फिरत नाहीत, ती संग्राहकांसाठीच असतात. वार्षिक संच आणि स्मारक संच या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि विकणारे दोन्हीला सर्रास ‘सेट’च म्हणतात. पैसे देण्याआधी आत नेमकी कोणकोणती नाणी आहेत ते विचारा.

२. आधी गल्ला बघा, मग पाकीट उघडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आपल्या बाजारात माल आणि पैसा चहूकडून येतो. कोल्हापूर, सांगली, गोवा, हुबळी, सगळीकडून. खडेबाजार किंवा गणपत गल्लीतल्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचा दिवसाचा गल्ला चाळला, तर चारही टांकसाळींची नाणी हाती लागण्याची चांगली शक्यता असते. ओळखायची कशी? नाण्यावरच्या सालाखाली बघा:

- पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा ठिपका असेल तर मुंबई
- पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद
- साधा गोल ठिपका असेल तर नोएडा
- काहीच नसेल तर कोलकाता

प्रूफ नाण्यावर मुंबईसाठी ‘एम’ हे इंग्रजी अक्षर दिसतं, त्याआधीच्या काळात ‘बी’ असायचं.

दुकानदार मामांना सांगून ठेवा, नवी चकचकीत नाणी आली की बाजूला काढा. बँकेत ओळख असेल तर शाखेत नव्या नाण्यांची पिशवी कधी फुटते ते विचारा. नाणी साधारण शंभर-शंभरच्या पाकिटांत बांधलेली असतात. त्यातून निवडून घेतलेलं नाणं तुम्हाला दर्शनी किमतीलाच, म्हणजे नाण्यावर लिहिलेल्या किमतीलाच मिळतं. दहाचं नाणं घ्यायला आपल्याकडे अजून काही ठिकाणी कुरकुर होते, पण रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. लोक जे नाकारतात ते तुम्ही आनंदाने घ्या, त्यातच तुमच्या संग्रहाची बरीच भरती होईल.

काही महिने हे केलंत की दोन गोष्टी कळतील. एक, तुम्हाला खरोखर आवड आहे का. दोन, कोणतं नाणं आपल्या भागात कोरं मिळतच नाही. संच घ्यायचा की नाही, हे त्या दुसऱ्या गोष्टीवरून ठरवा. ₹१, ₹२ आणि ₹५ सहज गोळा होत असतील आणि फक्त ₹२० चं अडत असेल, तर एका नाण्यासाठी आख्खा संच घेण्यापेक्षा ते एकटं कोरं नाणं शोधलेलं बरं.

३. वर्ष निवडा

सगळी वर्षं सारखी नसतात. बहुतेक वर्षी नाण्यावर फक्त साल बदलतं, बाकी सगळं तेच. असा संच फोल्डरसकट कपाटात गेला की पुढच्या वर्षीच्या संचापासून वेगळा ओळखू येत नाही. उलट काही वर्षं अशी आहेत की तो संच हातात घेतला की त्या काळातला बदल समोर दिसतो.

२०११ घ्या. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि २०११ च्या मालिकेपासून ते नाण्यांवर आलं. त्याच वर्षी ३० जूनला २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. चवली-पावलीचा हिशेब सांगणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. त्यांच्यासमोर हा संच ठेवून बघा, बोलायला विषय मिळेल.

२०१९ घ्या. त्या वर्षी मार्चमध्ये ₹१, ₹२, ₹५, ₹१० आणि ₹२० अशी नवी मालिका जाहीर झाली. दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावीत म्हणून नाण्यांचा आकार आणि वजन दर्शनी किमतीप्रमाणे चढतं ठेवलंय. ₹२० चं नाणं प्रथमच चलनासाठी आलं आणि तेही बारा बाजूंचं, २७ मिलिमीटरचं, ८.५४ ग्रॅमचं.

२०२२ घ्या. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली पाच नाणी त्या वर्षी जूनमध्ये निघाली. ती स्मारक नाणी नव्हती, चलनातलीच होती, त्यामुळे ती आजही सुट्या पैशांत सापडतात. म्हणून दुसरी पायरी आधी करा म्हणतो. या वर्षाची नाणी तुम्हाला कदाचित फुकटातच पूर्ण करता येतील.

जन्मवर्षाचा संच हवा असेल तर मात्र वाट बघत बसू नका. बाळ झालं त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी टांकसाळीची विक्री चालू असतानाच मागवा. एकदा ती संपली की मग विक्रेता सांगेल ती किंमत. लग्नाचं किंवा घर बांधल्याचं वर्ष असेल तरी हेच.

आणखी एक. एका टांकसाळीच्या संचात त्याच टांकसाळीची खूण असते. ‘चारही टांकसाळींचे पूर्ण वर्ष’ असा ध्यास घेतलात तर खर्च चौपट होतो. शिवाय प्रत्येक टांकसाळ दरवर्षी प्रत्येक किमतीचं नाणं पाडतेच असं नाही, त्यामुळे ते वर्ष पूर्ण होईलच याचीही खात्री नाही. सुरुवातीला एकच टांकसाळ निवडा. सुट्या पैशांत जी खूण सगळ्यात कमी दिसते, तिचा संच घेतलेला शहाणपणाचा.

४. वहीत चार आकडे मांडा

यात भावना बाजूला ठेवा. वहीत एकाखाली एक लिहा:

पहिला आकडा दर्शनी किंमत. नव्या मालिकेतल्या पाच नाण्यांची बेरीज १+२+५+१०+२० म्हणजे ३८ रुपये. काहीही झालं तरी संचाची किंमत याखाली जाणार नाही, कारण ही नाणी व्यवहारात चालतात.

दुसरा आकडा धातूची किंमत. इथे फार आशा ठेवू नका. ₹१ आणि ₹२ ची नाणी साध्या स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. ₹५ निकेल-पितळेचं आहे. यात सोनं-चांदी काही नाही. चांदीच्या स्मारक नाण्याचं गणित वेगळं: वर सांगितलेल्या ३५ ग्रॅमच्या नाण्यात निम्मी म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. ती त्या दिवशीच्या सराफी दराने गुणा आणि संचाच्या किमतीशी ताडून बघा. फरक किती मोठा आहे ते लगेच डोळ्यासमोर येईल.

तिसरा आकडा तुम्हाला पडणारी एकूण किंमत, म्हणजे कर आणि टपालखर्च धरून.

चौथा आकडा आज विकायला गेलात तर हातात येईल तो. कोल्हापूर किंवा पुण्याच्या नाणे प्रदर्शनात दोन-तीन विक्रेत्यांना विचारा, “असाच संच माझ्याकडे आहे, किती द्याल?” विकायचा दर आणि घ्यायचा दर यातलं अंतर तिथे कळतं. विकत घेताना जे ‘दुर्मीळ’ असतं ते विकायला गेल्यावर ‘पडून राहतं हो’ होतं.

समजा संच तुम्हाला हजार रुपयांना पडला. त्यातले ३८ रुपये नाण्यांचे. उरलेले ९६२ रुपये तुम्ही नीटनेटकेपणासाठी, सरकारी पाकिटासाठी आणि त्या वर्षाच्या आठवणीसाठी देताय. हे ९६२ रुपये पुन्हा कधीच मिळाले नाहीत तरी चालतील असं मनापासून वाटत असेल, तर घ्या. नसेल तर घेऊ नका. गुंतवणूक म्हणून पैसे बाजूला टाकायचे असतील तर पोस्टात टाका, संचात नको.

आणि तेवढ्याच पैशात दुसरं काय येतं तेही बघा. आपल्याच मातीचा इतिहास हवा असेल तर शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं आहे. औरंगजेबाच्या काळात बेळगावचं नाव आझमनगर होतं आणि त्या नावाच्या टांकसाळीचे चांदीचे रुपयेही संग्राहकांकडे असतात. मात्र जुन्या नाण्यांत नकली फार, त्या वाटेला जाणत्या माणसाशिवाय जाऊ नका. नवख्याला कोरा सरकारी संच त्या मानाने सुरक्षित, हीच त्याची मोठी जमेची बाजू.

५. कुठून घ्यायचा

पहिली पसंती थेट टांकसाळीला. एसपीएमसीआयएलच्या मुख्य संकेतस्थळावर जा आणि तिथल्या दुव्यावरूनच नाणेविक्रीच्या पानावर पोचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीही जाऊ नका. बुकिंग ठरावीक मुदतीपुरतं उघडतं आणि काही संच मागणी आल्यावर पाडून मग पाठवतात, तेव्हा पाकीट यायला महिने लागू शकतात. वाढदिवसाची भेट द्यायची असेल तर हे आधीच धरून चाला. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टातल्या टांकसाळीला आधी फोन करून काउंटर चालू आहे का आणि काय शिल्लक आहे ते विचारा. विचारल्याशिवाय खेप घालू नका.

मागवण्याआधी हे हाताशी ठेवा:

- चालू मोबाइल नंबर आणि ईमेल
- ओळखपत्रावर आहे तसंच नाव, कारण पोस्टात जाऊन पाकीट सोडवायची वेळ आली तर नाव जुळावं लागतं
- पिनकोडसह पूर्ण पत्ता
- यूपीआय किंवा कार्ड

पत्त्याचं आपल्या भागात खास लक्ष द्या. खानापूर बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. शहापूर आपलंही आहे, ठाणे जिल्ह्यातही आहे आणि यादगीरमध्येही. मराठी नाव आणि मराठी गावाचं नाव बघून महाराष्ट्र असं राज्य निवडलं गेलं तर पाकीट भलतीकडे फिरायला निघतं. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगावी किंवा यादीत असेल तसा बेळगाव आणि पिनकोड दोनदा तपासलेला. जिल्ह्याच्या नावाचं अधिकृत रूप नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय, पण कित्येक याद्यांत जुनंच राहिलंय. पिनकोड बरोबर असेल तर त्याने अडत नाही.

दुसरी पसंती ओळखीच्या, बिल देणाऱ्या विक्रेत्याला. इथे सापळे असे:

जोडलेला संच. बँकेच्या पिशवीतली नाणी खाजगी फोल्डरमध्ये बसवून ‘यूएनसी सेट’ म्हणून विकतात. हा गुन्हा नाही, पण तो टांकसाळीचा संच नाही आणि त्याला तशी किंमत देऊ नका. फोल्डरवर टांकसाळीचं नाव आहे का आणि सगळ्या नाण्यांवर एकच साल आणि एकाच टांकसाळीची खूण आहे का, हे भिंगाने बघा.

बदललेलं नाणं. फोल्डर खरं, पण आतलं एखादं नाणं काढून साधं घातलेलं. एकाच नाण्याची चकाकी वेगळी किंवा बोटाचा ठसा दिसला तर सोडून द्या.

मुलामा आणि रंग. सोनेरी मुलामा दिलेली किंवा रंगवलेली चलनी नाणी संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेली असतात.

‘लाखो मिळवा’. वैष्णोदेवीच्या चित्राचं ₹५ किंवा ₹१० चं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा बातम्या सारख्या फिरतात. ती नाणी खरी आहेत, २०१२ ची आहेत, पण ती किंमत खरी नाही. ‘नाणं आम्ही घेतो, आधी कमिशन किंवा कर भरा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून असे पैसे उकळले जातात, म्हणून बँकेनेच २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध केलं होतं. रिझर्व्ह बँक असल्या खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही.

६. पाकीट आल्यावर

उघडण्याआधी मोबाइलवर चित्रण सुरू करा, पाकिटावरचा पत्ता आणि सील दिसू द्या, मग कापा. नाणं कमी असेल किंवा फोल्डर फाटलं असेल तर तक्रारीला हेच उपयोगी पडतं.

नाणी फोल्डरमधून काढू नका. बघायची असतील तर पारदर्शक बाजूने दहापट भिंगातून बघा. बोटाचा घाम धातूवर उमटतो आणि तो ठसा काही महिन्यांनी तपकिरी होतो, मग तो जात नाही. काढायचीच वेळ आली तर सुती हातमोजे घाला आणि नाणं कडेने धरा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा: चिंच, लिंबू, राख, पितांबरी, यातलं काहीही लावायचं नाही. पितळेच्या समईला जे चालतं ते नाण्याला चालत नाही. घासलेलं नाणं कितीही चमकलं तरी जाणकाराला एका नजरेत कळतं. लक्ष्मीपूजनाला संच मांडायची इच्छा असेल तर बंद फोल्डरसकट, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवा. हळद-कुंकू आणि ओल्या अक्षता नाण्यावर पडू देऊ नका.

७. आपल्या पावसाळ्यातून ते टिकवा

अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना हे फारसं जाणवणार नाही. पण बेळगाव शहर, खानापूर, आणि त्याहून पुढे जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, आणि त्याच हवेत स्टेनलेस स्टीलच्या नाण्यावरही तांबूस गंजाचे ठिपके उठू शकतात. मुंबई-पुण्याच्या माणसांनी लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग अर्ध्या ओळीत संपतो, आपल्याला तो नीट पाळावा लागतो.

हवाबंद डबा घ्या, घट्ट झाकणाचा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी जेल मिळाली तर उत्तम, कारण ती भरली की दिसतं. पावसाळ्याच्या तोंडाशी पुड्या बदला, गणपतीच्या सुमारास पुन्हा बघा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, देवघरात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. ओल, धूर आणि फोडणीची वाफ तिन्ही वाईट. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तरी जेल टाकाच, लॉकरची खोलीही दमट असते.

सुटी नाणी ठेवायला मऊ, लवचीक, विशिष्ट वास येणारी स्वस्त प्लास्टिकची पाकिटं वापरू नका. ती बहुतेक पीव्हीसीची असतात आणि काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट थर सुटून नाण्यावर बसतो. कडक, बिनवासाचं प्लास्टिक किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. पुठ्ठ्याला स्टेपलर मारलात तर पिना दाबून सपाट करा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडतात.

डब्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणतं वर्ष, कोणती टांकसाळ, कधी घेतला, एकूण किती पडले. बिलाची झेरॉक्स काढून तीही ठेवा, कारण बिलाची शाई दोन-तीन वर्षांत उडून जाते. मुलाच्या जन्मवर्षाचा संच असेल तर चिठ्ठीवर त्याचं नाव घाला आणि डबा कुठे आहे ते घरात आणखी एकाला तरी माहीत असू द्या.